किनारा नसलेला दिवस

"आठ दिवस जहाजावर? आणि दिवसभर करायचे तरी काय?" समुद्रसहलीचा विषय निघाला, की घरातले कोणीतरी हा प्रश्न हमखास विचारते. प्रश्न रास्त आहे. बंदर आले की उतरायचे, गाव पाहायचे, चार वस्तू खरेदी करायच्या, हे समजण्यासारखे आहे. पण ज्या दिवशी बंदरच येत नाही, त्या दिवसाचे काय? सकाळी पडदा सारावा तर पाणी, दुपारी जेवून बाहेर यावे तर पाणी, आणि रात्री काळोखात नुसता पाण्याचा आवाज. जहाजावरची मंडळी अशा दिवसाला 'सी डे' म्हणतात.

हा दिवस कसा सरतो हे पाहायचे, तर इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टनहून अमेरिकेतल्या न्यूयॉर्कला जाणाऱ्या 'क्वीन मेरी २' या आलिशान जहाजाचे उदाहरण घ्यावे. सहलीची बाकीची जहाजे एक-दोन दिवसांआड कुठल्या ना कुठल्या बंदराला लागतात. हे जहाज मात्र एकदा निघाले, की अटलांटिक महासागर पार होईपर्यंत सहसा कुठेच थांबत नाही. साधारणपणे सात रात्रींचा हा प्रवास, म्हणजे मधले सहा पूर्ण दिवस चारी दिशांना फक्त समुद्र.

'क्युनार्ड' कंपनीचे हे जहाज जानेवारी २००४ मध्ये सेवेत आले. त्याचा नामकरण समारंभ राणी एलिझाबेथ दुसरी यांच्या हस्ते झाला. लांबी ३४५ मीटर. मुंबईची बारा डब्यांची लोकल शेजारी उभी केली, तरी जहाज बरेच पुढे उरेल. सुमारे २,७०० प्रवासी आणि त्यांच्या दिमतीला बाराशेहून अधिक कर्मचारी, असे हे तरंगते गावच आहे.

पंचवीस तासांचा दिवस

या गावातली पहिली गंमत घड्याळाची. इंग्लंड आणि न्यूयॉर्क यांच्या वेळेत वर्षातला बहुतेक काळ पाच तासांचे अंतर असते. विमानाने जाणाऱ्याला हे अंतर एकदम सोसावे लागते आणि पुढचे दोन-तीन दिवस झोपेचे खोबरे होते. जहाज मात्र हे अंतर हप्त्याहप्त्याने फेडते. पश्चिमेकडे जाताना पाच रात्री घड्याळ एकेक तास मागे घेतले जाते. म्हणजे प्रवाशाला पाच दिवस पंचवीस तासांचे मिळतात! "दिवसाला अजून एक तास असता तर..." असे आयुष्यभर म्हणत आलेल्या माणसाला तो तास इथे खरोखरच हातात मिळतो. पूर्वेकडे परतताना अर्थातच ही उधारी वसूल होते.

दुसरी खूण दुपारच्या बाराची. बाराच्या ठोक्याला जहाजाचा भोंगा वाजतो आणि कप्तान ध्वनिक्षेपकावरून माहिती देतो. जहाज कुठे आहे, वारा किती आहे, पुढे हवामान कसे असेल, खाली समुद्र किती खोल आहे. या जहाजाच्या भोंग्यांपैकी एक १९३०च्या दशकातल्या मूळ 'क्वीन मेरी'वरून आणलेला आहे आणि त्याचा आवाज दहा मैलांपर्यंत जातो असे सांगतात. बाहेर पाहण्यासारखे काहीच बदलत नसताना, दिवस अर्धा सरला हे सांगणारा तो एक आवाज असतो.

केबिनमध्ये येणारा कागद

रिकामा दिवस जहाज प्रवाशांच्या अंगावर तसाच सोडून देत नाही. दुसऱ्या दिवशीचा कार्यक्रम छापलेला कागद आदल्या संध्याकाळीच केबिनमध्ये येऊन पडतो. सकाळपासून मध्यरात्रीपर्यंतच्या कार्यक्रमांनी तो गच्च भरलेला असतो. इतिहास, विज्ञान, राजकारण यांवरची व्याख्याने, पत्त्यांतल्या ब्रिजचे वर्ग, जलरंगांची शिकवणी, नाचाचे धडे, हौशी गायकांचे समूहगान, सामान्यज्ञानाच्या स्पर्धा, बिंगो, दुपारचा चित्रपट, संध्याकाळचे नाटक. आपल्याकडे गणेशोत्सवाच्या दहा दिवसांत जेवढे कार्यक्रम होत नाहीत, तेवढे इथे एका दिवसात होतात.

'क्वीन मेरी २'वर तर चक्क तारांगण आहे. समुद्रावरचे हे पहिले तारांगण. बाहेर ढगाळ असले, तरी आत खुर्चीत रेलून आकाशगंगा पाहता येते. जहाजाच्या पुढच्या भागात हजारो पुस्तकांचे ग्रंथालय आहे आणि तिथल्या खिडकीजवळच्या खुर्च्यांना फार मागणी असते. सातव्या मजल्यावर जहाजाला पूर्ण वळसा घालणारा लाकडी मार्ग आहे. त्याच्या तीन फेऱ्या मारल्या, की सुमारे पावणेदोन किलोमीटर चालणे होते. पहाटेपासून तिथे चालणाऱ्यांची रांग लागते. बागेत फेऱ्या मारणारे ज्येष्ठ नागरिक जगभर सारखेच! एकमेकांची नावे माहीत नसतात, पण चौथ्या दिवशी एखादा दिसला नाही, तर "आज ते गृहस्थ आले नाहीत वाटते" अशी चौकशी होते.

दुपारी साडेतीनचा चहा हा तर सोहळाच. पांढरे हातमोजे घातलेले वाढपी ओळीने येतात. बोटभर सँडविच, साय आणि मुरंब्याबरोबर खायचे स्कोन, आणि एका कोपऱ्यात मंद वाद्यसंगीत. दोन तासांपूर्वीच जेवण झालेले असते, तरीही दालन भरते.

माणसांचे हे लाड कमी म्हणून की काय, या जहाजावर कुत्र्यांचीही सोय आहे. २०१६च्या नूतनीकरणानंतर चोवीस कुत्र्याघरे झाली आणि त्यांची आरक्षणे कित्येक महिने आधी भरतात. कुत्र्यांना घरची आठवण येऊ नये, म्हणून त्यांच्या फिरण्याच्या जागेत इंग्रजी कुत्र्यांसाठी दिव्याचा खांब आणि अमेरिकन कुत्र्यांसाठी रस्त्यावरचा अग्निशामक नळ उभा केला आहे.

रात्री वेशभूषेचे नियम लागू होतात. ठरलेल्या दोन-एक रात्री पुरुषांनी काळा सूट आणि बो घालायचा, स्त्रियांनी लांब पोशाख. मग नाच. एकट्या आलेल्या स्त्रियांना नाचासाठी जोडीदार मिळावा म्हणून कंपनीने काही पुरुष मुद्दाम नेमलेले असतात. त्यांना 'डान्स होस्ट' म्हणतात. एकाच बाईबरोबर सतत नाचायचे नाही, सर्वांना सारखी संधी द्यायची, असा त्यांना दंडक असतो. वाचताना हसू येईल. पण चाळीस वर्षे ज्याच्याबरोबर पाऊल टाकले तो जोडीदार आता नाही, आणि तरी नाचाची आवड सुटलेली नाही, अशा बाईला त्या एका गाण्यापुरता मिळालेला आधार लहान नसतो.

आधी नाइलाज, मग ऐष

समुद्रावरचे दिवस पूर्वी कोणी हौसेने घेत नसे. याच कंपनीचे पहिले वाफेचे जहाज 'ब्रिटानिया' ४ जुलै १८४० रोजी लिव्हरपूलहून निघाले. ताज्या दुधासाठी जहाजावर गाय ठेवलेली असे. जानेवारी १८४२ मध्ये चार्ल्स डिकन्स याच जहाजाने अमेरिकेला गेला आणि केबिनचा इवलेपणा व वादळातले हाल यांचे खरपूस वर्णन त्याने पुढे लिहून ठेवले. तेव्हा समुद्रातला प्रत्येक दिवस हा पोहोचायला लागलेला उशीर होता. वेगवान जहाज तेच चांगले जहाज.

१९५८ च्या ऑक्टोबरमध्ये अटलांटिकवरून जेट विमानांची प्रवासी वाहतूक सुरू झाली आणि हा हिशेबच बदलला. जे अंतर कापायला जहाजाला जवळजवळ आठवडा लागे, ते काही तासांत कापले जाऊ लागले. वेळ वाचवण्याच्या शर्यतीत जहाजे कायमची हरली. मूळची 'क्वीन मेरी' १९६७ मध्ये निवृत्त झाली. टिकायचे, तर जहाजांना दुसरे काहीतरी विकणे भाग होते. त्यांनी वेळच विकायला काढला. पूर्वी जो उशीर होता, तोच आता चैनीचा माल झाला.

रुमाल टाकून जागा

पण हातात आलेला हा मोकळा वेळ माणसाला लगेच पेलत नाही. कुठल्याही जहाजावरचा पहिला 'सी डे' पाहावा. हातात कार्यक्रमाचा कागद, त्यावर पेनाने केलेल्या खुणा, आणि या दालनातून त्या दालनात पळापळ. दहाचे व्याख्यान अर्धवट सोडून साडेदहाचा नाच, तिथून अकराचे बिंगो. पैसे भरले आहेत ना, मग काही सुटता कामा नये!

पोहण्याच्या तलावाभोवतीचा देखावा तर आपल्याला फारच ओळखीचा वाटेल. उन्हात पडायच्या खुर्च्या थोड्या आणि माणसे फार. म्हणून काही जण नाश्त्याच्या आधीच येऊन खुर्चीवर टॉवेल आणि पुस्तक ठेवून जातात, ते थेट दुपारी उगवतात. एस.टी.च्या खिडकीतून रुमाल टाकून जागा धरणारे आपणच काय ते, असे वाटत असेल, तर तो गैरसमज दूर व्हावा. काही कंपन्यांनी आता ठरावीक मिनिटे खुर्ची रिकामी राहिली, तर टॉवेल उचलण्याचा नियमच केला आहे.

या धावपळीला कंपन्यांचाही हातभार असतो. बहुतेक बंदरांत जकातीच्या आणि जुगाराच्या कायद्यांमुळे जहाजावरची दुकाने आणि कॅसिनो बंद ठेवावे लागतात. जहाज खोल समुद्रात गेले, की ते उघडतात. म्हणजे बंदर नसलेला दिवस हा जहाजाच्या कमाईचा दिवस. मग घड्याळांची विक्री, चित्रांचा लिलाव, मसाज, बिंगोची तिकिटे, सगळे त्याच दिवशी. प्रवासी गप्प बसून समुद्र पाहत राहिला, तर गल्ल्यात काय पडणार?

नवी जहाजे तर या बाबतीत कुठल्या कुठे गेली आहेत. जानेवारी २०२४ मध्ये मायामीहून सुरू झालेल्या 'आयकॉन ऑफ द सीज'वर जास्तीत जास्त ७,६०० प्रवासी मावतात. सात तलाव, सहा घसरगुंड्या, बर्फावरचे स्केटिंग आणि खऱ्या झाडांची बाग आहे. अशा जहाजावर आठवडा काढूनही समुद्राकडे एकदा नीट पाहिले नाही, असे सहज होऊ शकते. त्यात आता उपग्रहांमुळे भर समुद्रातही इंटरनेट पोहोचले आहे. कार्यालयाचा निरोप आणि नातेवाइकांचा 'सुप्रभात' दोन्ही पाठोपाठ येतात. किनारा दिसेनासा झाला, तरी मागे लागलेले काही सुटत नाही.

तरीही साधारण तिसऱ्या दिवसापासून फरक पडू लागतो. कागदावरच्या खुणा कमी होतात. ग्रंथालयातल्या खुर्चीत कोणी तासभर पान न उलटता बसलेले असते. टेबलावर मांडून ठेवलेल्या चित्रकोड्याचे तुकडे जाता-येता कोणीही जुळवून जाते. नवरा-बायको कठड्याशी उभे राहतात आणि बराच वेळ काहीच बोलत नाहीत, आणि त्यात भांडण झालेले नसते. घरच्या गृहिणीला या दिवसाचे मोल सर्वांत आधी कळते. सकाळी उठल्यावर "आज भाजी काय करू?" हा प्रश्नच नाही. डबे नाहीत, दूधवाला नाही, गॅस कधी संपेल याची धास्ती नाही. लग्नानंतरच्या पंचवीस-तीस वर्षांत असा सलग दिवस किती जणींच्या वाट्याला येतो? माहेरपण म्हणावे, तर माहेरीसुद्धा आता वहिनीला मदत करावी लागते.

समुद्रावरच्या मोकळ्या वेळाने काय घडू शकते, याचे दाखले आपल्याच देशाच्या इतिहासात आहेत. १९०९च्या नोव्हेंबरात लंडनहून दक्षिण आफ्रिकेला परतताना गांधीजींनी 'किल्डोनन कॅसल' या जहाजावर दहा दिवसांत 'हिंद स्वराज' लिहून काढले. उजवा हात थकला, की ते डाव्या हाताने लिहीत. १९२१ मध्ये इंग्लंडहून परतताना 'नारकुंडा' जहाजावर सी. व्ही. रामन यांनी समुद्राच्या निळाईचे कारण शोधायला सुरुवात केली. त्या वाटेने ते पुढे नोबेल पारितोषिकापर्यंत पोहोचले. १९३० मध्ये मुंबईहून निघालेल्या एकोणीस वर्षांच्या सुब्रह्मण्यन चंद्रशेखर यांनी जहाजावरच ताऱ्यांच्या अंतिम अवस्थेचे ते गणित मांडले, ज्याला आज 'चंद्रशेखर मर्यादा' म्हणतात. तिघांच्याही हातात कार्यक्रमाचा कागद नव्हता. अर्थात प्रत्येकाने ग्रंथच लिहिला पाहिजे असे नाही. मनात राहून गेलेला विचार पुरा करता आला, तरी पुष्कळ झाले.

ज्यांना 'सी डे' नाही

जहाजावर आणखी एक जग असते. प्रवाशांच्या मजल्यांखाली लांबच लांब मार्गिका असते. अनेक जहाजांवर कर्मचाऱ्यांनी तिला अमेरिकेतल्या एका महामार्गावरून 'आय-९५' असे नाव ठेवले आहे. या मार्गिकेतून दिवसरात्र ट्रॉल्या, चादरी, भाज्यांचे खोके आणि माणसे धावत असतात. बऱ्याच जणांच्या केबिनला खिडकी नसते आणि एका केबिनमध्ये दोघे-दोघे राहतात.

प्रवाशांच्या विश्रांतीचा दिवस हा यांच्यासाठी सर्वांत कामाचा दिवस असतो. बंदरात निम्मे-अधिक प्रवासी खाली उतरतात, तेव्हा जरा उसंत मिळते. समुद्रात मात्र सगळे प्रवासी जहाजावरच. सगळेच तिन्ही त्रिकाळ जेवणार, मध्ये चहा घेणार, तलावावर टॉवेल मागणार. करार बहुधा सहा ते नऊ महिन्यांचा आणि त्यात रविवार नाही. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेचा २००६चा सागरी श्रम करार २०१३ पासून अमलात आला आणि भारतानेही तो २०१५ मध्ये स्वीकारला. त्यानुसार चोवीस तासांत किमान दहा तास आणि आठवड्यात किमान ७७ तास विश्रांती मिळालीच पाहिजे. दहा तासांची ही विश्रांती दोन तुकड्यांत देता येते, फक्त त्यातला एक तुकडा सहा तासांचा असावा लागतो. प्रवाशाला पंचवीस तासांचा दिवस मिळतो, तेव्हा तो जादा तास कोणाच्या तरी पाळीतही पडतो.

या माणसांत फिलिपिन्सचे लोक सर्वाधिक, पण भारतीयही पुष्कळ. गोव्याचा तर हा पिढ्यान्पिढ्यांचा व्यवसाय. बोटीवर नोकरी करणाऱ्याला तिथे 'तारवटी' म्हणतात. मुंबईत धोबी तलाव, माझगाव भागात गोव्याच्या गावागावांचे क्लब आहेत. बोट मिळेपर्यंत आणि बोटीवरून उतरल्यावर तारवट्यांना तिथे स्वस्तात राहता येई. त्यांनी पाठवलेल्या पैशांवर गावी घरे उभी राहिली, मुलांची शिक्षणे झाली. आणि त्याच घरांत बापाशिवाय वाढदिवस आणि बाराव्याचे निकालही साजरे झाले. चहाच्या वेळी पांढरे हातमोजे घालून हसतमुखाने केटली धरणारा हात असाच कोणाचा तरी असतो.

फुरसत ही आपोआप मिळत नाही. कोणीतरी काम करते, तेव्हा दुसऱ्याला ती मिळते. ही गोष्ट घरातल्या गृहिणीला वेगळी सांगायला नको, कारण एरवी ती स्वतःच त्या ट्रॉलीमागे असते. म्हणूनच असा दिवस मिळाला, तर तो पळापळीत उधळणे बरे नव्हे.

आपल्या किनाऱ्यावरून

अटलांटिकची सफर सर्वांना परवडणारी नाही. पण सप्टेंबर २०२१ पासून 'कॉर्डेलिया क्रूझेस'च्या 'एम्प्रेस' जहाजाने मुंबईहून गोवा, लक्षद्वीप अशा छोट्या सफरी सुरू केल्या आणि मराठी कुटुंबांनाही 'सी डे'ची चव कळली. जाणाऱ्यांनी काही गोष्टी लक्षात ठेवाव्यात.

बोट लागण्याची भीती असेल, तर केबिन खालच्या मजल्यावरची आणि जहाजाच्या मध्यभागाजवळची घ्यावी. तिथे हेलकावे कमी जाणवतात. मोठ्या जहाजांच्या पोटाला दोन्ही बाजूंनी माशाच्या परांसारखे पोलादी पर असतात, त्यामुळे डोलणे बरेच आवरले जाते. तरी मळमळले, तर केबिनमध्ये न झोपता मोकळ्या हवेत यावे, क्षितिजाकडे नजर लावावी आणि आलेपाकाची वडी तोंडात धरावी. नेहमीची औषधे सोबत असावीत. जहाजावर डॉक्टर असतो, पण बिल मोठे येते. म्हणून प्रवासविमा उतरवावा. जेवणाआधी साबणाने हात धुण्यात कुचराई नको, कारण शेकडो माणसे एकाच ठिकाणाहून वाढून घेतात तिथे पोटाचे विकार झपाट्याने पसरतात. मोबाइल 'विमान' स्थितीत ठेवावा, नाहीतर समुद्रातल्या सेवेचे दर घरी आल्यावर घाम फोडतात. केबिन आवरणाऱ्याला नावाने हाक मारावी, आणि बक्षिसी बिलात धरलेली आहे की नाही हे आधी पाहून घ्यावे.

आणि कार्यक्रमाचा कागद हातात आला, की त्यातल्या फक्त दोन गोष्टींवर खूण करावी. एक मुलांसाठी, एक स्वतःसाठी. उरलेला दिवस कोरा ठेवावा. तासभर कठड्याशी बसले, की पाण्याचा रंग किती वेळा बदलतो ते दिसू लागते. कोणी विचारलेच, "दिवसभर काय केलेत?", तर "काही नाही" असे बिनदिक्कत सांगावे.